पोचबाई

अर्ज हातात दिला की माणूस साधारणपणे निघून जातो. पोचबाई जात नसत. पंचायतीच्या काउंटरसमोर त्या उभ्या राहत, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात अर्जाची दुसरी प्रत. त्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि माझी सही होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही, हा त्यांचा नेम. मागे रांग लागलेली असो, पंखा बंद असो, मी फोनवर बोलत असो, त्यांना फरक पडत नसे.

"सेक्रेटरीबाब, अर्ज घेतलात. आता पोच द्येवा."

शिक्का पुसट उठला तर त्या कागद उजेडाकडे धरून बघत आणि परत पुढे सरकवत. "तारीक दिसणा नाय. परत मारा." मी परत मारायचो. त्यांचं कागदावरचं नाव सुनंदा होतं. पण आमच्या शिपायाने एकदा चहा आणताना "पोचबाई इली हां" असं आत येऊन सांगितलं आणि त्या दिवसापासून कचेरीत त्यांना दुसरं नाव उरलं नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

मी तेव्हा डिचोली तालुक्यातल्या एका पंचायतीचा सेक्रेटरी होतो. घर पेडण्याला. सकाळी मोटरसायकल काढायची, म्हापशावरून डिचोली गाठायची, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचं. गावाशी माझा संबंध दहा ते पाच एवढाच. गावात कोण कोणाचा पाहुणा, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे मला कळत असे, पण ते मला कागदांमधून कळत असे. पोचबाई मात्र कागद घेऊन येत आणि येताना सगळा वाडाच, म्हणजे त्यांची सगळी वस्ती, बरोबर आणत. कोणत्या खांबावरचा दिवा गेलाय, कोणत्या गटारावरची लादी उलटलीय, बसस्टॉपच्या मागे कोणी काय टाकलंय. त्यांचे अर्ज चार ओळींचे असत. "विनंती" हा शब्द एकदाच. खाली जागेची खूण अशी की आंधळ्यालाही सापडावी.

त्या मूळच्या दोडामार्गाकडच्या. नवरा खाणीवर टिप्पर चालवायला आला, त्याच्याबरोबर त्याही आल्या आणि काही वर्षांनी त्याच खाणीच्या काट्यावर नोंदी करायच्या कामाला लागल्या. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, त्या वजन लिहायच्या आणि चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात द्यायच्या. मग नवरा आजारात गेला. मुलगी लग्न होऊन वास्कोला गेली. पुढे खाणच बंद पडली. पोचबाईंच्या हातात एक खोली, मागच्या कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, अबोलीची झाडं आणि कागदाची सवय एवढं राहिलं. वाड्यातल्या बायकांबरोबर त्या अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून डिचोलीच्या बाजारात देत. उरलेला वेळ वाड्याचा.

मी एकदा वैतागून विचारलं होतं, "बाई, प्रत्येक कागदाची पोच घेऊन करता काय?"

"काट्यावरना चिठयेशिवाय ट्रक सोडूक नाय मी कधी," त्या म्हणाल्या. "कागद दिलो म्हणजे काम झाला, असा नाय. पण कागद दिलो, ह्या तरी खरा रवता."

बसस्टॉपमागचा कचरा ही त्यांची पहिली लढाई. तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग असे, गुरं त्यात तोंड घालत, पावसात त्या सगळ्याचा पाट वाहत खालच्या विहिरीकडे जाई. त्यांनी तीन अर्ज दिले. आम्ही "कचरा टाकू नये" अशी पाटी लावली आणि लोकांनी पाटीच्या बुडाशी टाकायला सुरुवात केली. मग एका रविवारी पोचबाई चार बायकांना घेऊन तिथे बसल्या आणि त्यांनी पिशव्या सोडून बघायला सुरुवात केली. पिशवीत कधी लाइटबिल सापडायचं, कधी औषधाची चिठी, कधी लग्नाची पत्रिका. नाव सापडलं की पिशवी परत बांधायची, घर शोधायचं आणि दारात जाऊन हाक मारायची.

"तुमची वस्तू रस्त्यार पडली हुती. परत देवक इलंय."

आवाज चढवायचा नाही, उपदेश नाही. पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि निघायचं. त्या रविवारी अकरा वाजता आमच्या सरपंचांच्या घरी अशी एक पिशवी पोचली. सोमवारी सरपंच तणतणत माझ्याकडे आले. "ह्या बायलेर कारवाई करा." मी विचारलं, कोणत्या कलमाखाली? ते तसेच तणतणत परत गेले. दोन महिन्यांत बसस्टॉपची मागची बाजू मोकळी झाली. पोचबाईंनी तिथे अबोलीच्या चार फांद्या लावल्या. त्या मात्र गुरांनी खाल्ल्या.

दुसरी गोष्ट साकवाची. वाड्यातल्या मुली कारखान्यातून संध्याकाळच्या बसने परत येत. बस वर रस्त्यावर थांबे आणि खाली यायला ओढ्यावरचा साकव ओलांडावा लागे. साकवाच्या कठड्यावर पाचसहा जण बाटल्या घेऊन बसू लागले. हात कोणी लावला नाही, पण बोलणी ऐकावी लागत. दोन मुलींनी काम सोडलं. पोलिसांना कळवलं की जीप येई, ते उठत, जीप गेली की परत बसत. पोचबाईंनी अर्ज दिला, पोच घेतली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाड्यातल्या आठ बायका फुलांच्या परड्या घेऊन साकवावर जाऊन बसल्या. दोऱ्यात फुलं गुंफत, गप्पा मारत. पिणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "हयसर कित्याक बसल्यात?"

"हयसर वारो बरो येता," पोचबाई म्हणाल्या आणि त्यालाच दोऱ्याचं टोक धरायला दिलं. त्याने म्हणे थोडा वेळ ते धरलंही. बायका महिनाभर रोज बसल्या. मुलींची बस येई, मुली बायकांमधून खाली उतरत. हळूहळू पिणारे दुसरीकडे गेले. मी त्या दिवसांत एकदाही साकव बघायला गेलो नाही. हे सगळं मला शिपायाने सांगितलेलं.

गावाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं तेव्हा त्या आल्याच नाहीत. नंतर म्हणाल्या, "माका भाषण करूक येणा नाय. आणि तितक्या वेळात गटार साफ झाला असता."

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

चवथ, म्हणजे गणपती, जवळ आली होती. एका खात्याच्या ठेकेदाराने पाइप टाकायला वाड्याच्या वळणावर रस्त्याकडेला चर खोदला. पुरुषभर खोल. पाइप आले नाहीत, माणसं दुसऱ्या कामावर गेली आणि चर तसाच राहिला. वळणावरचा दिवा आधीच बंद होता. पोचबाईंनी चराच्या तोंडाशी झाडाची फांदी रोवून तिला जुन्या लाल लुगड्याचा तुकडा बांधला. तो कोणीतरी काढून टाकला. त्यांनी अर्ज दिला. मी पोच दिली, कोपऱ्यात "संबंधित खात्याकडे पाठवावे" असं लिहिलं आणि कागद जावकाच्या ट्रेमध्ये ठेवला.

दोन दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या खेपेला हातात अर्ज नव्हता.

"सेक्रेटरीबाब, आमी बांबू घालू? बांबू आमचे, हात आमचे. तुमी फक्त हो म्हणा."

मी म्हणालो, "बाई, ते खात्याचं काम आहे. त्यात आपल्याला हात घालता येत नाही. उद्या पाइप टाकताना कोणी अडथळा केला म्हणून तक्रार केली तर तुमच्याच अंगावर येईल. खात्याला पत्र जातंय. चार दिवस थांबा."

एरवी त्यांनी मला उलट विचारलं असतं. त्या दिवशी "बरां" एवढंच म्हणून गेल्या.

पत्र गेलं नव्हतं. शिपाई रजेवर होता, टपाल पुढच्या आठवड्यात काढू असं मी ठरवलं होतं. कारण एवढंच. त्यात कोणाचा दबाव नव्हता, लबाडी नव्हती. पत्र ट्रेमध्ये होतं आणि मी रोज ट्रेसमोर बसत होतो.

त्यानंतरच्या सोमवारी वाड्यातले विष्णू मेस्त नार्व्याला देवळात गेले होते. मेस्त म्हणजे सुतार. साठीतला माणूस, गावातल्या निम्म्या दारांना त्यांचा रंधा लागलेला. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी बारीक पावसात ते स्कूटरवरून परत येत होते. वळणावर समोरून टेम्पो आला म्हणून त्यांनी स्कूटर कडेला घेतली. तिथे कड नव्हती, चर होता. लोकांनी त्यांना वर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते, पिशवीतला प्रसाद भिजला का, असं त्यांनी विचारलं म्हणतात. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारले.

त्यानंतर गाव पंचायतीवर आलं. कचेरीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सरपंचांनी सांगितलं की पंचायतीला या चराबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले आणि मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणालो नाही. गर्दीत पोचबाई होत्या. त्यांच्या पिशवीत शिक्क्याची प्रत होती, हे त्यांना आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. ती बाहेर न काढताच त्या परत गेल्या.

चौकशी लागली. आदल्या दिवशी दुपारी, कचेरीत कोणी नसताना, पोचबाई आल्या. पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

"उद्या मी चौकशीत कागद देतलंय," त्या म्हणाल्या. "तुमका आदी सांगूक इलंय."

मी समोरचे कागद सारखे केले.

"तुमच्यार राग नाय. तुमी माणूस वायट न्हय. पण माका खोटा बोलाक जमाचा नाय आणि गप ऱ्हवाकय जमाचा नाय."

मला वाटलं, त्या माझ्याकडून काहीतरी ऐकायला थांबल्या आहेत. मी चूक झाली म्हणालो असतो तर तेवढ्यावर त्या उठल्या असत्या. मी विचारलं ते वेगळंच. "माझी मुलगी बारावीला आहे. माझी नोकरी गेली तर?"

"ता माका कळता," त्या म्हणाल्या. "मेस्तांच्या घरातय माणसा आसत." आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत दिली. तारीख स्पष्ट होती. चौकशी अधिकाऱ्याने मला विचारलं, सही तुमची? मी हो म्हणालो. पत्र केव्हा पाठवलं? मी खरं काय ते सांगितलं. ठेकेदारावर काय झालं ते मला नीटसं ठाऊक नाही. माझी नोकरी राहिली. शेरा बसला आणि बदली झाली, तीही पेडणे तालुक्यात, घराजवळ. लोकांना ती शिक्षा वाटली नसेल. शेवटच्या दिवशी मी टेबलाचा खण रिकामा केला, शिपायाने पाव आणि भाजी आणली, आम्ही ती खाल्ली आणि मी मोटरसायकल चालू केली. पोचबाई आल्या नाहीत. मलाही त्यांच्याकडे जावंसं वाटलं नाही.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्यावर चिडलेला होतो, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मी त्यांचा विचारच करत नव्हतो. मेस्तांचाही नाही. दुसरीकडे रुजू झालो, मुलगी कॉलेजला गेली, दिवस चालले होते.

मग एका कोर्टाच्या कामासाठी डिचोलीला जावं लागलं. काम लवकर संपलं. बाजारात अबोलीच्या टोपल्यांच्या ओळीत पोचबाई दिसल्या. वाळल्या होत्या. मी दुसऱ्या गल्लीत वळायच्या आधीच त्यांनी मला पाहिलं.

"सेक्रेटरीबाब! जेवलात?"

मी हो म्हणालो. त्यांनी टोपली शेजारणीकडे दिली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला माझ्यावांगडा. वाड्यार." कशाला, हे मी विचारलं नाही. त्या मोटरसायकलवर माझ्या मागे बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. वळणावर आता दिवा होता, कठडा होता. त्यांनी तिथे थांबायला सांगितलं नाही. पुढे एका घरासमोर माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"ह्या मेस्तांचा घर."

मी मोटरसायकल बंद केली, पण उतरलो नाही. त्या उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी बांबू नको म्हणालात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मी घालूक नाय. जल्मात कोणाचा आयकूक नाय सेक्रेटरीबाब, आणि आयकलंय तेवा ह्या झाला. तुमची चूक कागदार इली. माझी खंय इली?"

ही गोष्ट माझ्या कधी मनातच आली नव्हती. माझ्या लेखी त्या कागद देऊन मोकळ्या झालेल्या होत्या.

"मेस्तांच्या बाराव्याक मी तेंच्या बायलेक सगळा सांगलंय," त्या म्हणाल्या. "तेवापासून दर सोमवारी येतंय. पयले चार सोमवार तिना दार उघडूक नाय. मी भायर बसान ऱ्हवलंय. पाचव्याक उघडल्यान."

मेस्तांच्या पत्नी सोप्यावर तांदूळ निवडत होत्या. पोचबाईंनी आत शिरताच सांगून टाकलं, "हे त्या वेळचे सेक्रेटरी." सुपातला हात थांबला. त्या बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी उभाच होतो. शेवटी एवढंच म्हणालो, "पत्र माझ्या टेबलावर होतं. नऊ दिवस. मी पाठवलं नाही."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी हिला विचारायची, तो माणूस कधी येणार. ही म्हणायची, येईल. दोन वर्षं लागली तुम्हाला."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता परत येणार नाहीत. पण थोड्या वेळाने तीन कप चहा घेऊन आल्या. सोप्यावरची खुर्ची मेस्तांनीच केलेली असावी, तिच्यावर कोणी बसत नव्हतं. आम्ही तिघं खाली बाकावर बसलो. चहा संपेपर्यंत पावसाचं, भाताचं, मुलीच्या कॉलेजचं बोलणं झालं. निघताना मी नमस्कार केला, त्यांनीही केला. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर मी वर्षातून दोनदातरी त्या बाजूला जाऊ लागलो. सोमवार साधून. तिघं बाकावर बसायचो. पोचबाई वाड्याच्या बातम्या सांगायच्या: शाळेच्या वाटेवर वेग अडवायला उंचवटा घातला, विहिरीला जाळी बसली, नवा सेक्रेटरी शिक्का मारताना घाई करतो. मी माझ्या पंचायतीतलं सांगायचो. अर्ज आला की आता मी आधी जागा बघून येतो, हे एकदा बोलता बोलता सांगितलं. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. "पावसात चप्पल घालू नका, बूट घाला," एवढंच म्हणाल्या.

गेल्या साली पोचबाई आजारी पडल्या आणि दुखणं वाढत गेलं. मुलगी त्यांना वास्कोला घेऊन जायला आली होती, पण त्या गेल्या नाहीत. वाड्यातल्या बायका आळीपाळीने त्यांच्याकडे झोपायच्या. श्रावण संपता संपता एका सकाळी जुन्या कचेरीतल्या शिपायाचा फोन आला, पोचबाई गेल्या. मी रजा टाकली आणि निघालो.

पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. खोलीबाहेर बायका बसल्या होत्या, आत भिंतीशी मेस्तांच्या पत्नी. दारात पोचबाईंची मुलगी उभी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिने मला पाहिलं नव्हतं. तिने विचारलं, "आपण कोण? आईच्या ओळखीचे?"

एरवी मी माझा हुद्दा सांगितला असता. त्या दारात तो सांगवेना आणि दुसरं काय सांगायचं ते कळेना. मी चपला काढत तसाच उभा राहिलो.

आतून मेस्तांच्या पत्नी म्हणाल्या, "आमच्यातलेच ते. भितर येऊंदी." आणि भिंतीकडे सरकून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली.